लोकांनी लिहिलेलं शेवटी कुठे जातं, ते आधी सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शहराशहरांतून फिरणाऱ्या आणि लोकांना हात लावू देणाऱ्या कलाप्रकल्पांवर तुमच्या रविवारच्या पुरवणीत लेख आला होता, तो वाचला, आवडला, फोटो तर फारच छान होते. पण अख्ख्या लेखात उद्घाटन आणि गर्दी एवढंच होतं, प्रकल्प पुढच्या शहरात निघून गेल्यावर मागे काय राहतं, लोकांनी लिहिलेलं, रंगवलेलं, शिवलेलं कुठे जातं, यावर एक ओळसुद्धा नव्हती, आणि मला वाटतं खरा विषय तोच आहे, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, छापताना कापायचं तर मधलं कापा पण शेवटची मागणी तेवढी राहू द्या.

आधी एक स्पष्ट करते, मी या कामांच्या पूर्ण बाजूची आहे. चित्राला हात लावू नका, दोरीच्या अलीकडे उभे राहा, हे ऐकतच आपण सगळे मोठे झालोय, आणि त्याच माणसांना कुणी खडू हातात देऊन सांगतं की घ्या, आता तुम्ही लिहा, तेव्हा सुरुवातीला ती किती बिचकतात आणि मग कशी खुलतात हे मी जवळून बघितलंय. ब्रिटिश कलाकार ल्यूक जेरम यांचंच बघा. ते ज्या दुकानात मशीनवर कपडे धुवायला जायचे तिथे दर शनिवार-रविवारी तीच ती माणसं भेटायची पण कुणी कुणाशी बोलत नव्हतं, आणि अशी रोज एकमेकांना बघणारी पण गप्प बसणारी माणसं शहरभर असणार हे त्यांच्या डोक्यात बसलं, त्यातून 2008 मध्ये बर्मिंगहॅममध्ये तीन आठवडे 15 पियानो रस्त्यावर ठेवायची कल्पना निघाली. त्यांच्यावर लिहिलेलं होतं, मला वाजवा, मी तुमचाच आहे. ना तिकीट, ना नाव नोंदवायची भानगड. पुढच्याच वर्षी लंडन, 2010 मध्ये न्यूयॉर्क, असं करत करत हा प्रकल्प जगभरात 70 च्या वर शहरांत गेला आणि 2000 च्या वर पियानो रस्त्यावर आले.

आता यात एक बारीक गोष्ट आहे जी बातम्यांत सहसा येत नाही. फिरतो तो फक्त प्रकल्प, पियानो फिरत नाहीत. त्या त्या शहरात लोकांच्या घरात पडून असलेले जुने पियानो गोळा करायचे, तिथल्याच कलाकारांनी आणि मंडळींनी ते रंगवायचे, पाऊस आला की वर प्लास्टिकचं कव्हर टाकणारा माणूसही जवळपासचाच, आणि प्रकल्प संपला की ते तिथल्याच शाळांना, संस्थांना देऊन टाकायचे. म्हणजे टूर पुढे गेली तरी वस्तू तिथेच राहते, आणि ती कुणाकडे जाणार हा विचार आधीच झालेला असतो. मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं, गाणंबजावणं नंतर.

याच्या बरोब्बर उलटं, म्हणजे जिथे वस्तूच फिरते असं उदाहरण म्हणजे एड्स मेमोरियल क्विल्ट, एड्सने गेलेल्या माणसांच्या नावांची अवाढव्य गोधडी. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण लोकांनी दिलेलं कसं सांभाळावं हे या मंडळींनी सगळ्यांना दाखवून दिलंय. सॅन फ्रान्सिस्कोत 1985 च्या मोर्चात लोकांनी गेलेल्यांची नावं पुठ्ठ्यांवर लिहून सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवली, ती भिंत क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याला गोधडीसारखी दिसली, आणि 1987 मध्ये काम सुरू झालं. प्रत्येक तुकडा 3 फूट बाय 6 फूट, म्हणजे साधारण एका माणसाच्या कबरीएवढा, आणि असे आठ तुकडे जोडून 12 फुटी चौकोन होतो. शिवणारे कोण तर आई, भाऊ, जोडीदार, मित्र, कधी शेजारीपाजारी. त्यावर काय काय शिवलंय बघा, जीन्स, टेडी बेअर, प्रेमपत्रं, लग्नाच्या अंगठ्या, केस, काही तुकड्यांत तर त्या माणसाची राखसुद्धा. ज्या काळात एड्सचं नाव घ्यायलाही लोक तयार नव्हते, काही घरांनी तर अंत्यसंस्काराला यायचंही टाळलं, त्या काळात पूर्ण नाव मोठ्या अक्षरात शिवून चारचौघांत पसरायचं हे सोपं नव्हतं.

11 ऑक्टोबर 1987 ला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मोठ्या मोकळ्या मैदानावर ती पहिल्यांदा अंथरली तेव्हा 1920 तुकडे होते. पुढच्या वर्षी ती अमेरिकेतल्या 20 शहरांच्या दौऱ्यावर निघाली आणि झालं असं की प्रत्येक शहरात लोक आपापल्या माणसांचे तुकडे घेऊन आले, ते तिथेच जोडले गेले, आणि दौरा संपेपर्यंत तुकडे सहा हजारांच्या वर गेले. दौऱ्यात वस्तू झिजतात, फाटतात, हरवतात, इथे दौऱ्यानेच ती वाढवली. आज साधारण 50,000 तुकडे आहेत, वजन 54 टन सांगतात, आणि ते सगळं जपून ठेवलंय, उसवलेलं पुन्हा शिवायला माणसं आहेत, कुणाला आपल्या माणसाचा तुकडा बघायचा असेल तर तो शोधून काढता येतो. एखादीने त्या काळात भावाच्या शर्टाचं कापड लावून शिवलेला तुकडा तिला आजही सापडू शकतो, ही केवढी मोठी गोष्ट आहे याचा जरा विचार करा. हे आपोआप होत नाही, त्यासाठी जागा लागते, पैसा लागतो, आणि वर्षानुवर्षं कंटाळा न करता काम करणारी माणसं लागतात.

सगळंच जपून ठेवा असं माझं म्हणणं नाही हां. खडूच्या भिंतीचं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये कँडी चँग या कलाकाराने जवळचं माणूस गेल्यानंतर, 2011 मध्ये, तिच्या भागातल्या एका पडक्या रिकाम्या घराच्या भिंतीला फळ्याचा काळा रंग दिला आणि त्यावर एकच अर्धं वाक्य ओळीखाली ओळ छापलं, मरण्याआधी मला ... करायचंय, आणि खडू ठेवून दिले. घरमालक, आसपास राहणारे, गावातल्या समित्या, सगळ्यांची परवानगी काढून मग. दुसऱ्या दिवशी भिंत पूर्ण भरलेली होती. तिथे जपण्याचा प्रश्नच नाही कारण खडू पावसाने जातो, भिंत भरली की पुसायची, परत सुरू, आणि लिहिणाऱ्याला हे लिहितानाच दिसत असतं. ते घर पुढे विकलं गेलं, भिंत गेली, पण कशी करायची याची सगळी माहिती तिने लोकांना खुली करून दिली आणि आता 75 च्या वर देशांत अशा 5000 च्या वर भिंती झाल्यात, लोकांनीच आपापल्या गल्लीत केलेल्या. यात कुणाची फसवणूक नाही. पुसलं जाणार हे माहीत असून माणूस लिहितो, आणि कदाचित म्हणूनच जास्त मोकळं लिहितो.

माझी तक्रार आहे ती या दोन्हींच्या मधल्या प्रकाराबद्दल, जिथे लोकांकडून मनातलं मागून घेतात आणि पुढे त्याचं काय करणार ते सांगतच नाहीत.

अशाच एका फिरत्या प्रकल्पात मी व्हॉलंटियर होते, नाव घेत नाही कारण मुद्दा एका संस्थेचा नाही. मोठी लोखंडी जाळी, लोकांनी कार्डावर कुणाला तरी सांगायचं राहून गेलेलं लिहायचं आणि दोऱ्याने जाळीला बांधायचं. कल्पना साधी पण लोक अक्षरशः थांबून थांबून लिहायचे. एक आजोबा बराच वेळ नुसतेच जाळीभोवती फिरत होते, मी खुर्ची दिली तर बसले आणि म्हणाले, "मला लिहिता येत नाही, मी सांगतो, तू लिही, पण मोठ्याने वाचू नकोस." त्यांनी जे सांगितलं ते माझ्याकडेच राहू द्या. कार्ड लिहून झाल्यावर त्यांनी ते स्वतः बांधलं, गाठ दोनदा मारली, ओढून बघितली, आणि मला विचारलं, "हे इथे किती दिवस राहणार?" मला माहीत नव्हतं. मी आत जाऊन विचारलं तर तिथल्यांनाही माहीत नव्हतं, बघू, स्कॅन करायचा विचार चाललाय, एवढंच उत्तर मिळालं.

शेवटच्या संध्याकाळी ट्रक आला, जाळी पुढच्या शहरात रिकामी हवी होती म्हणून दोरे कात्रीने कापून सगळी कार्डं काळ्या पिशव्यांत भरली, आणि त्या पिशव्या मांडवाच्या मागे कचऱ्याच्या ढिगात गेल्या. स्कॅनिंग वगैरे काही झालं नव्हतं. कापणारी पोरं बिचारी रोजावरची, त्यांचा काय दोष, त्यांना जे सांगितलं ते त्यांनी केलं. दुसऱ्या दिवशी मी राहिलेलं सामान आणायला गेले तर एक बाई तिथे रिकाम्या जागेत उभ्या, बहिणीला दाखवायला घेऊन आल्या होत्या की बघ मी तुझ्यासाठी काय लिहिलंय, आणि तिथे फक्त जाळीचे पाय रोवले होते ती भोकं. त्यांना काय सांगायचं ते मला सुचलं नाही, अजूनही सुचत नाही.

यात खर्चाचा प्रश्न आहे असं आयोजक म्हणतील. थोडा आहे, पण मुख्य प्रश्न ठरवण्याचा आहे. जपानी कलाकार योको ओनो यांचा विश ट्री, म्हणजे इच्छांचं झाड, 1996 पासून जगभर फिरतोय, तिथेही लोक इच्छा लिहून झाडाला बांधतात, म्हणजे प्रकार साधारण तोच, पण तिथल्या चिठ्ठ्या गोळा करून आइसलँडला पाठवतात, रेक्याविकजवळच्या व्हिदे बेटावर 2007 मध्ये त्यांनी प्रकाशाचा जो मनोरा उभा केला त्या कामाचा त्या भाग होतात, दहा लाखांच्या वर इच्छा जमल्यात. कुणी त्या वाचत नाही, वाचायच्याही नाहीत. पण आपण लिहिलेलं कुठेतरी पोचलंय हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. एक पेटी आणि एक पत्ता, एवढंच तर लागतं त्याला.

दुसरी गोष्ट नावाची. लोक इतकं काम करतात आणि बोर्डावर नाव एकट्या कलाकाराचं आणि खाली स्पॉन्सरचे लोगो, हे फार वेळा दिसतं. मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी लॉस एंजेलिसमधून 2005 मध्ये क्रोशाच्या प्रवाळाचा प्रकल्प सुरू केला, समुद्रातली प्रवाळं तापमानवाढीने मरतायत म्हणून लोकरीने विणून दाखवायची. प्रवाळाच्या त्या चुण्याचुण्यांच्या आकारामागे गणित आहे, डायना टायमिना या गणितज्ञ बाईंनी 1997 मध्ये ते क्रोशाने विणून दाखवलं होतं, दर ओळीत टाके वाढवत गेलं की कापड आपोआप वळायला लागतं. हे प्रदर्शन फिरतं तसं गावोगावचे लोक आपलं वेगळं प्रवाळ विणतात, जर्मनीत बाडेन-बाडेनच्या म्युझियममध्ये 2022 मध्ये सुमारे 4000 लोकांनी मिळून 40,000 च्या आसपास प्रवाळं विणली. आणि विणणाऱ्यांची नावं लावतात! हजारो नावं, भिंतभर. विणकाम हे घरात बसून बायकांनी वेळ घालवायला करायचं काम असंच ज्याच्याकडे बघितलं गेलं, ते करणाऱ्याचं नाव म्युझियमच्या भिंतीवर येतं, याने त्या माणसाला काय वाटत असेल ते वेगळं सांगायला नको.

ब्रिटिश शिल्पकार अँटनी गॉर्मली यांचं फील्ड हेही मला फार आवडणारं काम, इंग्लंडमधल्या सेंट हेलेन्सच्या लोकांनी मातीच्या सुमारे 40,000 बाहुल्या केल्या, सूचना एवढीच की हातात मावेल एवढी हवी, उभी राहायला हवी आणि डोळ्यांची दोन भोकं हवीत, आणि खोलीभर त्या उभ्या केल्या की सगळ्या दाराकडे, म्हणजे तुमच्याकडेच बघतात. 1994 सालचं टर्नर प्राइज, म्हणजे ब्रिटनमधला कलेचा मोठा पुरस्कार, गॉर्मलींना मिळालं. बाहुल्या लोकांनी केल्या हे त्यांनी कधी लपवलं नाही, पण त्या हातांची नावं किती जणांना माहीत आहेत? कलाकाराचा मोठेपणा याने कमी होत नाही. कल्पना त्याची, मेहनत सगळ्यांची, आणि यादी लावायला एक भिंत पुरते.

हो, जिथे मागे काहीच राहत नाही असेही प्रकल्प आहेत आणि त्यांना हे काही लागू नाही. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये 2011 ला रस्त्याकडेला 21 झोपाळे लावले, प्रत्येक झोपाळ्याचा एक सूर, आणि अनोळखी माणसं एका लयीत झोके घ्यायला लागली की त्यांची मिळून धून तयार होते, एकट्याने कितीही जोरात झोका घेतला तरी ती निघत नाही. नंतर असे झोपाळे अमेरिकेतल्या शहरांतही फिरले. तिथे उठून गेलं की संपलं, आणि तेच बरोबर आहे.

आणखी एक, सहभागी व्हा म्हटलं की सगळेच आनंदाने येतील हा समजही चूक आहे. सीरियातून निर्वासित झालेल्या मुलीची, छोट्या अमलची, साडेतीन मीटर उंच कठपुतळी 2021 मध्ये तुर्कस्तानातल्या गाझियानतेपपासून इंग्लंडमधल्या मँचेस्टरपर्यंत 8000 किलोमीटर चालवत नेली, गावागावातल्या लोकांनी तिचं आपापल्या पद्धतीने स्वागत केलं, पण ग्रीसमधल्या लारिसात तिच्यावर दगडही आले. तरी ती पुढे चालत राहिली, कारण प्रत्येक मुक्कामी आधीपासून काम करणारी, लोकांशी बोललेली स्थानिक माणसं होती. नाहीतर होतं काय, बाहेरून ट्रक येतो, दोन दिवसांत सामान लागतं, स्थानिक म्हणून कुणी असतं तर ते खुर्च्या लावायला, आणि मग काही झालं की सांभाळून घेणारं कुणीच नसतं. भिंतीवर कुणी घाणेरडं लिहिलं तर पुसायचं कुणी, रात्री लाइट कुणी बंद करायचे, लिहायची जागा व्हीलचेअरवरच्या माणसाला आणि लहान मुलाला पोचेल एवढी खाली आहे का, ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी कोण बसणार, हे प्रश्न कुणाला फार भारी वाटत नाहीत पण सहभाग खरा की नुसता फोटोपुरता ते इथेच ठरतं.

फोटोवरून आठवलं. लोक फार खासगी लिहितात, मेलेल्या बापाला लिहितात, सोडून गेलेल्या मुलाला लिहितात, आणि ते जवळून फोटो काढून जाहिरातीत वापरायचं, हे बरोबर नाही. अक्षर ओळखू येतं हो. ज्याने लिहिलं त्याला विचारा, विचारता येणार नसेल तर लांबून काढा.

तर माझी मागणी एवढीच आहे. जो कुठला प्रकल्प येईल त्याने प्रवेशाशीच एक पाटी लावावी, तुम्ही जे लिहाल किंवा कराल त्याचं आम्ही पुढे असं असं करणार आहोत. पुसणार असाल तर पुसणार लिहा, नष्ट करणार असाल तर तसं लिहा, वाचनालयाला किंवा शाळेला देणार असाल तर कुठल्या ते लिहा, जाहिरातीत वापरणार असाल तर तेही लिहा. लोक वाचतील आणि मग ठरवतील काय लिहायचं, किती लिहायचं, लिहायचं की नाही. त्या आजोबांना जर कुणी सांगितलं असतं की शेवटच्या दिवशी हे कचऱ्यात जाणार आहे, तरी कदाचित त्यांनी सांगितलंच असतं, पण ते त्यांनी ठरवायचं होतं.

आणि तुमच्याकडे एक मागणी, हीच ती जी कापू नका म्हटलं. असा पुढचा प्रकल्प येईल तेव्हा उद्घाटनाला बातमीदार पाठवाच, पण सामान आवरायच्या दिवशीही एक माणूस पाठवा, फोटोग्राफरसकट. लोकांनी दिलेलं कुठे चाललंय ते आयोजकांना विचारू दे, पिशव्या कुठे जातायत ते बघू दे, आणि जे उत्तर मिळेल ते उद्घाटनाच्या बातमीला दिली तेवढीच जागा देऊन छापा.

आपली,
एक नियमित वाचक